टिल्लीच्या खोलीचा रंग

ओट्यावर साखरेचा एक पांढरा गोळा ठेवून रंगमास्तर त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होते, की आता हा आपला आहे आणि आपण म्हणू तसा वागणार आहे. गोळा लहानच होता, मळलेल्या पिठासारखा मऊ आणि हाताला किंचित तुपकट. याला फॉन्डंट म्हणतात आणि हा लाटून केकवर पांघरायचा असतो, एवढं केकच्या सामानाच्या दुकानातल्या बाईने सांगितलं होतं. त्याला रंग कसा द्यायचा हेही ती सांगायला निघाली होती, पण मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बाई, रंगाचं मला नका सांगू."

रंगमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हतं. रंगांच्या एका मोठ्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाईक मागेल तो रंग मिसळून द्यायचा, हे त्यांचं काम. कुणी जुन्या दाराचा टवका घेऊन यायचं, कुणी शर्टाचं बटण. एक गृहस्थ तर चक्क आपलं मांजर घेऊन आले होते. मास्तर डोळे बारीक करून बघायचे, पांढऱ्या डब्यात हे थोडं, ते थोडं टाकायचे, झाकण ठोकायचे आणि रंग हुबेहूब निघायचा. रस्त्याने जाताना कुणाच्या भिंतीचा रंग उतरलाय हे त्यांना लांबून कळायचं. घरात बायकोचा चेहरा उतरला होता, तो मात्र ती सामान बांधेपर्यंत त्यांच्या लक्षात आला नाही.

मोठं भांडण असं झालंच नव्हतं. मास्तरांनी तिला न विचारता सोफा विकला होता, न विचारता लेकीची शाळा बदलली होती, न विचारता तिच्या भावाला 'ती लग्नाला येणार नाही' असं कळवून टाकलं होतं. ती चिडली की ते म्हणायचे, "त्यात विचारायचं काय?" सगळ्या संसारात त्यांनी तिला विचारलेला हा एकच प्रश्न. शेवटी ती लेकीला घेऊन भावाकडे गेली. जाताना ओरडली नाही, रडली नाही. त्यामुळे ती परत येईल असं मास्तरांनी ठरवून टाकलं, अर्थात तिला न विचारता.

लेकीचं नाव काहीही असो, सगळे तिला टिल्ली म्हणायचे. दर शनिवारी आई तिला दारात सोडायची आणि संध्याकाळी दारातूनच घेऊन जायची. यंदा टिल्लीचा वाढदिवस नेमका शनिवारी आला होता. त्या आठवड्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"बाबा, मला केकवर माझी खोली हवीय. आणि ती तूच करायची. विकत नाही आणायची हं."

"तुझी खोली?" मास्तरांचा आवाज एकदम मऊ झाला. "करतो की! बाबा नाही करणार तर कोण करणार?"

मग फोन बायकोने घेतला. "अहो, तिला नक्की काय हवंय ते नीट विचारून घ्या. आणि मला एक सांगायचं होतं, आम्ही इथून..."

"नंतर बोलू. मला कामं आहेत आता," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवलाही. त्यांना तेव्हा दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पोरीला तिची खोली आठवतेय! आतली ती छोटी खोली, तिचा तो फिकट जांभळा रंग, जो टिल्लीच्या जन्माच्या वेळी मास्तरांनी स्वतः मिसळला होता आणि नंतर कुणीही कितीही मागितला तरी दिला नव्हता. टिल्ली गेल्यापासून ते त्या खोलीचं दार लावून ठेवत. रोज एकदा उघडून पलंगावरची धूळ झटकत आणि पुन्हा लावून घेत. आता त्यांनी मनात सगळा हिशेब मांडला. टिल्ली केकवर आपली खोली बघणार, हळवी होणार, 'मला इथेच राहायचंय' म्हणून रडणार आणि लेकीमागोमाग आई येणार. सगळं एका रंगावर येऊन ठेपलं होतं, आणि रंग म्हणजे तर मास्तरांच्या डाव्या हाताचा मळ!

भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकू घरी केक करायच्या, शिकवायच्याही. आतला साधा केक भाजून द्यायचं त्यांनी आनंदाने कबूल केलं.

"पण मास्तर, फॉन्डंटला पातळ रंग घालू नका हं. घट्ट जेल मिळतो ना, तो काडीच्या टोकाने..."

"काकू, तुम्ही फक्त केक भाजा. रंगाचं मी बघतो."

"बघा बापडे," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी पातळ रंग आणले. रंग पातळच असतो, हे त्यांना काकूंपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी गुलाबीचे काही थेंब टाकले, निळ्याचे त्याहून कमी, आणि मळायला घेतलं. गोळा आधी घसरायला लागला, मग चिकटायला आणि मग सरळ बोटांमधून खाली गळायला. त्यांनी त्यात पिठीसाखर ओतली. गोळा घट्ट झाला तसा रंग फिका पडला, म्हणून पुन्हा थेंब, मग पुन्हा साखर. तासाभराने ओट्यावर जे काही पसरलं होतं ते ना पीठ होतं ना पाक. ते खरवडताना मास्तर त्या ओल्या राड्याला म्हणाले, "तुझ्याकडे बघतो मी." मग गुपचूप जाऊन जेलच्या बाटल्या आणि नवा फॉन्डंट घेऊन आले. दुकानातली बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते.

जेल घातल्यावर रंग झटकन धरला, जरा जास्तच धरला. टिल्लीच्या भिंतीशेजारी गोळा धरून पाहिला तर तो वांग्याच्या जवळ गेलेला. यावर उपाय त्यांना झोपेतही माहीत होता, गडद झालं की पांढरं घाला. त्यांनी पांढरा फॉन्डंट घातला. तरी गडदच. आणखी घातला. आता निळसर वाटतो, म्हणून टोकभर गुलाबी. आता गुलाबी जास्त झाला, म्हणून आणखी पांढरा. मुठीएवढा गोळा नारळाएवढा झाला, मग उशीएवढा. मळून मळून मास्तरांचे खांदे भरून आले. रंगही सारखा होत नव्हता, त्यात पांढऱ्या रेघा राहत होत्या. तेव्हा त्यांना ते सुचलं, जे जगात दुसऱ्या कुणालाही सुचलं नसतं.

दुकानात रंगाचा डबा गदागदा हलवायचं एक मशीन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एक कोरा डबा धुऊन पुसून त्यात फॉन्डंट कोंबून घेऊन आले. मालक एका बाईंना बैठकीच्या खोलीसाठी रंगांचे नमुने दाखवत होते. मास्तरांनी डबा मशीनमध्ये अडकवला आणि बटण दाबलं. आतून धोंडा आपटावा तसा आवाज यायला लागला.

"काय घातलंय त्यात?" मालक ओरडले.

"पांढरा आहे! घट्ट आहे जरा!"

आणखी दोन दणके बसले आणि झाकण उडालं. त्यापाठोपाठ गोळा उडाला तो काउंटर ओलांडून थेट नमुन्यांच्या पुस्तकावर जाऊन बसला. बाई दचकल्या, मग पुढे वाकल्या आणि त्यांचे डोळे चमकले.

"हाच! हाच रंग शोधत होते मी! किती लिटर मिळेल?"

मालकांनी गोळ्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या जांभळ्या हातांकडे. "मास्तर, हा कुठला रंग?"

"तो विकायचा नाही, मालक," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "खायचा आहे. टिल्लीचा वाढदिवस आहे."

मालक वर्षानुवर्षांचे ओळखीचे. मास्तरांच्या घरी काय झालंय हे त्यांना माहीत होतं. रागावायला उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. "घरी जा आज," ते म्हणाले. त्या सुरात दया होती आणि मास्तरांना ती रागापेक्षा जास्त लागली. ते गोळा पोटाशी धरून घरी आले, वाटेत कुणाकडे न बघता.

तो दिवस त्यांनी हातानेच मळण्यात काढला. संध्याकाळी रंग भिंतीशी जुळला. मास्तर टिल्लीच्या पलंगावर बसले आणि एका हातात गोळा, दुसरा हात भिंतीवर, असे कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांना रडू आलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही.

सकाळी गोळा गडद झाला होता. फॉन्डंटचा रंग मुरल्यावर आणखी चढतो, हे सांगायला काकू होत्या, पण ऐकायला कोण होतं? घरात उरलंसुरलं सगळं पांढरं मास्तरांनी त्यात घालून टाकलं. रंग पुन्हा जुळला. गोळा आता एवढा झाला होता की लाटला असता तर टिल्लीची खरी खोलीच त्याने झाकली असती. मास्तरांनी हवा तेवढा घेतला आणि काकूंनी दिलेल्या चौकोनी केकवर पांघरला. केकच्या चार बाजू म्हणजे खोलीच्या चार भिंती; वर साखरेचाच छोटा पलंग ठेवला, एका भिंतीवर खिडकी कोरली. सुरेख दिसत होतं, खोटं कशाला बोला. मग त्यांनी ते केलं जे त्यांनी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावलं होतं. रंग दिला की खिडक्या उघड्या टाका, ऊन लागू द्या, वारा लागू द्या आणि नीट वाळल्याशिवाय हात लावू नका. केक खिडकीत उन्हात ठेवून आणि उरलेला गोळा शेजारी उघडाच टाकून ते कामावर गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा खोलीच्या तीन भिंती जांभळ्या राहिल्या नव्हत्या. गुलाबी रंग ऊन खाऊन उडून गेला होता आणि मागे राहिला होता तो एक आजारी, राखी निळा. वाऱ्याने भिंतींना बारीक तडे गेले होते. उन्हाकडे पाठ करून घराच्या आतल्या बाजूला तोंड असलेली चौथी भिंत तेवढी जशीच्या तशी जांभळी होती. शेजारचा गोळा बोट टेकवलं तर टकटक वाजत होता.

मास्तरांनी काकूंच्या बाजूच्या भिंतीवर थाप मारली. काकू आल्या, त्यांनी केककडे बघितलं आणि पदराने तोंड झाकलं. हसू झाकलं की हळहळ, ते कळलं नाही.

"उन्हात ठेवलात?"

"वाळायला."

"अहो, फॉन्डंट झाकून ठेवायचा असतो. आणि गुलाबी रंग उन्हात टिकत नाही. मी सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. मग काकूच म्हणाल्या, "सामानाचं दुकान आता बंद झालं असेल आणि उद्या ते उघडेपर्यंत टिल्ली येईल. पोर आहे ती, तिला काय कळतंय."

"तिला कळतं," मास्तर म्हणाले. "माझी पोरगी आहे ती."

शनिवारी उजाडल्यापासून त्यांनी भिंतीची दुरुस्ती करावी तशी केकची दुरुस्ती केली. साखर भिजवून तिची भेगा बुजवायच्या पुट्टीसारखी लांबी केली आणि कोऱ्या पत्तीने ती तड्यांत भरली. मग ब्रशने वरून जांभळा चढवला, इथे जास्त, तिथे कमी. सरतेशेवटी जे उभं राहिलं, ते ओल आलेल्या घरासारखं दिसत होतं. त्यांनी पडदा ओढून घेतला. अर्ध्या उजेडात रंग सावरून दिसतो, हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट सल्ला होता. गिऱ्हाइकाला त्यांनी तो कधी दिला नव्हता.

बेल वाजली. टिल्ली धावतच आत आली. "बाबा! झाला? तूच केलास ना? हात दाखव!" हात पाहून ती खूश झाली. बायको नेहमीप्रमाणे दारात उभी राहिली, पण मास्तरांच्या कोपरापर्यंतच्या जांभळ्या हातांकडे पाहून नकळत एक पाऊल आत आली.

टिल्लीने पडदा सरकवला, केककडे पाहिलं आणि डोकं एका बाजूला कलतं केलं. अगदी बापासारखं.

"ही कुणाची खोली?"

"कुणाची म्हणजे? तुझी! बघ ना, हा पलंग, ही खिडकी."

"ही नाही," टिल्ली म्हणाली. "माझी खोली पांढरी आहे."

मास्तर हसले. "वेडी. आत जाऊन बघ, कुठला रंग आहे."

"ती इथली, बाबा. मी माझ्या खोलीचं सांगत होते."

मास्तरांना काही कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी पिशवीचा पट्टा धरून उभी होती.

"मी त्या दिवशी फोनवर सांगणार होते," ती म्हणाली. "दादाकडे किती दिवस राहायचं? माझ्या ऑफिसजवळ दोन खोल्या घेतल्यात. आतली टिल्लीला दिलीय."

"मोठी आहे, बाबा. पण नुसती पांढरी. रंगवाले काका आले होते, मी त्यांना हात लावू दिला नाही. म्हटलं, माझी खोली बाबा रंगवणार. म्हणून तर मी तुला केकवर माझी खोली मागितली. तिच्यावर आपण दोघांनी रंग लावून बघायचे, कुठला छान दिसतो ते. तूच म्हणतोस ना, आधी छोट्या तुकड्यावर लावून बघावं?"

पांढरी. फॉन्डंट पाकिटातून निघाला होता तशीच, काहीही न केलेली. मास्तर खुर्चीवर बसले. एवढे सगळे खटाटोप जिच्यासाठी केले, ती खोली त्या पहिल्या संध्याकाळी ओट्यावर तयारच होती. हसावं असं होतं सगळं, आणि एरवी ते हसलेही असते. पण त्यांना आता दुसरंच समजलं होतं. या दोघी परत येणार नव्हत्या. पोरगी त्यांना आपली खोली रंगवायला बोलावत होती, जीव तोडून बोलावत होती, पण ती खोली दुसऱ्या घरात होती. त्या घरात मास्तरांचा पलंग नव्हता. रंग लावायचा आणि हात धुऊन आपल्या घरी यायचं, एवढीच त्यांची तिथली जागा होती.

"चुकलं का माझं काही?" टिल्लीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"तुझं नाही गं," मास्तर म्हणाले. "माझं विचारायचं राहिलं."

बायकोने मान वर केली. मास्तर उठले. घरात पांढऱ्या फॉन्डंटचा तुकडासुद्धा उरला नव्हता, होता नव्हता तो जांभळ्याने गिळला होता. पण पिठीसाखर होती. त्यांनी वाटीत साखर घेतली, चमच्याने थोडं थोडं पाणी घालून ती चुन्यासारखी कालवली आणि कोरा ब्रश टिल्लीच्या हातात दिला.

"आधी पांढरी करून घेऊ. मग बघू रंगाचं."

टिल्लीने पहिला फटकारा मारला. मास्तरांनी तिचा हात धरून वरून खाली कसं यायचं ते दाखवलं. दोन भिंती झाल्या, तिसरी झाली. चौथी, जी उन्हातून वाचली होती आणि या घरातल्या टिल्लीच्या खोलीच्या रंगाशी अजून जुळत होती, तिच्यापाशी आल्यावर मास्तरांचा हात थांबला. टिल्लीने वर पाहिलं. मग त्यांनी स्वतःच तिच्यावरून ब्रश फिरवला.

"खिडकी कुठल्या बाजूला आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेला," बायको म्हणाली. "सकाळी भरपूर ऊन येतं."

"ओल?"

"एका कोपऱ्यात आहे थोडी."

"ती आधी काढावी लागेल. पुढच्या शनिवारी येऊ का? चालेल तुला?" मास्तर जरा थांबले. "आणि बाहेरच्या खोलीला तुला कुठला रंग हवाय?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या माणसाने तिला हे कधी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा ते घर त्याचं नव्हतं. "विचार करून सांगते," ती हळूच म्हणाली.

"बाबा, खालचा जांभळा दिसतोय अजून," टिल्ली केकवर वाकून म्हणाली.

"दिसणारच. पहिला हात वाळला की दुसरा द्यायचा."

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. "दुसरा हात झाला की केक कापून घ्या, मग निघते मी. वाळायला किती वेळ लागेल?"

साखरेचं पाणी ते. डोक्यावर पंखा फिरत होता, चहा उकळेपर्यंत ते खडखडीत वाळलं असतं. मास्तरांनी वाकून चारही भिंती निरखून पाहिल्या, मग हात लांब करून पंखा बंद केला.

"लागेल बराच," ते म्हणाले.

बायकोने एकदा पंख्याकडे पाहिलं. मग तिने खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.